किती पैशांचा फरक चालेल

(शिड्या बनवणाऱ्या कारखान्याचा बिल विभाग. दोन टेबलं, एक कपाट, एक खिडकी. सासरे आणि सून एकाच खोलीत नोकरीला असल्यामुळे पाच वाजेपर्यंत दोघांनी एकमेकांना अहो-जाहो करायचं, असं घरी ठरलेलं आहे.)

सासरे : शून्य.

सून : शून्य ही काय मर्यादा झाली, साहेब?

सासरे : का नाही? संगणक आकडा मागतोय ना? शून्य हा आकडा आहे. घाला आणि मोकळ्या व्हा.

सून : प्रश्न परत वाचते. 'व्यापाऱ्याने बिलात लावलेला विक्रीकर आणि संगणकाने काढलेला विक्रीकर, यांत किती फरक चालेल?'

सासरे : चालणार नाही.

सून : किती, असं विचारलंय. चालेल का, असं कुणी विचारलेलंच नाही.

सासरे : मॅडम, तेवीस वर्षं मी या टेबलावर बिलं तपासतोय. कर एक पैसा कमी असला तरी बिल परत, एक पैसा जास्त असला तरी परत. आज एक पैसा चालवून घ्या, उद्या दोन होतील. वर्षभरात लोक बिलाऐवजी नुसतं पत्र पाठवतील, की समजून घ्या.

सून : घरी भाजीत मीठ कमी पडलं तर तुम्ही काय करता?

सासरे : जेवतो.

सून : परत नाही पाठवत?

सासरे : कुणाकडे? तुमच्या सासूबाईंकडे? मला त्या घरात राहायचंय, मॅडम.

सून : म्हणजे मिठाला मुभा आहे.

सासरे : मीठ सरकारजमा होत नाही. विक्रीकर होतो. व्यापारी आपल्याकडून घेतो आणि सरकारात भरतो. मधे आपण उभे. आपण ढिले पडलो की संपलं.

सून : ठीक आहे. आता एक सांगते, पण तुम्ही आधी चहा संपवा.

सासरे : चहा संपवून ऐकण्यासारखं काय आहे?

सून : काल मी गंमत केली. गेल्या महिन्याची चारशे बिलं, तुम्ही तपासून सही केलेली, नव्या संगणकाला तपासायला दिली. मर्यादा शून्य ठेवून.

सासरे : छान. मग?

सून : तीनशे एकसष्ट अडकली.

सासरे : संगणक बिघडलाय.

सून : मलाही तसंच वाटलं. म्हणून पन्नास बिलं हातानं केली. मग डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून तुमच्या चिरंजीवांकडून करवून घेतली.

सासरे : त्याला काय कळतंय?

सून : काही नाही. तरी उत्तर तेच आलं. हे बघा, खिळेवाल्यांचं बिल. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या मिळून नऊ ओळी. कर यायला हवा बेचाळीस रुपये एकतीस पैसे. बिलात लावलाय बेचाळीस छत्तीस. पाच पैसे जास्त. आणि खाली तुमची टिकमार्क. हिरवी.

सासरे : इकडे द्या. पहिली ओळ... बरोबर. दुसरी... बरोबर. तिसरी... अहो, सगळं बरोबर आहे की! बेचाळीस छत्तीस.

सून : तुम्ही प्रत्येक ओळीवर वेगळा कर काढताय.

सासरे : मग कसा काढायचा?

सून : आणि दर ओळीला पैशाचा तुकडा आला की पुढचा पैसा धरताय.

सासरे : नियम आहे.

सून : कुठला? ही विक्रीकराची पुस्तिका. पान अकरा. 'कर संपूर्ण बिलाच्या बेरजेवर एकदाच काढावा.' एकदाच, साहेब.

सासरे : नवीन असेल.

सून : छापल्याची तारीख बघा. माझा जन्म नव्हता झाला.

सासरे : आम्हाला पुस्तिका लागली नाही कधी. माझ्या आधीच्या तपासनिसांनी जाताना त्यांच्या हातानं लिहिलेला कागद दिला होता. तो बघा, टेबलाच्या काचेखाली. 'प्रत्येक बाब वेगळी धरावी. अपूर्णांक आल्यास पुढचा आकडा धरावा.' काय सुंदर अक्षर आहे.

सून : वरची ओळ कॅलेंडरखाली गेलीय.

सासरे : वर काही नाही. नियम तिथूनच सुरू होतो.

सून : काच उचलू?

सासरे : तेवीस वर्षांत उचलली नाही कुणी.

सून : ते धुळीवरून दिसतंय. धरा त्या बाजूनं. हळू. आता कॅलेंडर सरकवते... बाबा.

सासरे : ऑफिसात बाबा म्हणायचं नाही.

सून : बाबा, वाचा.

सासरे : 'मालगाडीसाठी... वजन... करताना.'

सून : बसा.

सासरे : मालगाडीसाठी वजन करताना!

सून : बसा आधी. पाणी देऊ?

सासरे : ते तपासनीस आधी माल रवाना करायच्या खात्यात होते. बरोबर. एक वर्ष तिकडे होते. तो कागद त्या टेबलाचा. अगं, मी विक्रीकर वजनासारखा मोजला!

सून : पण एक कळत नाही. तुमचं चुकलं ते चुकलं, व्यापाऱ्यांचं का चुकावं? एकटे-दुकटे नाहीत, अठ्ठावन्न व्यापारी आहेत. सगळे अगदी एकाच पद्धतीनं चुकतात. आणि जी एकोणचाळीस बिलं पास झाली ना, ती सगळी त्या महिन्यात नव्यानं लागलेल्या दोघांची.

सासरे : ती मी परतच पाठवणार होतो. चुकून सह्या झाल्या माझ्या. डोळ्यात औषध घातलं होतं त्या दिवशी.

सून : थांबा, खिळेवाल्यांनाच विचारते. स्पीकरवर टाकते. तुम्ही काही बोलू नका. ...हॅलो, शिडी कारखान्यातून बोलतेय, बिल विभाग.

खिळेवाले : बोला बोला! परत आलं का बिल? कुठे चुकलं? आमच्या सुनेनं केलं असेल. मी सांगत होतो, भिंगसाहेबांचं बिल मी करतो म्हणून.

सून : परत नाही आलं. एक विचारायचं होतं. तुम्ही आमच्या बिलात कर प्रत्येक ओळीवर वेगळा का काढता?

खिळेवाले : म्हणजे काय? तुमचं बिल ना? तुमच्याकडे तसाच चालतो.

सून : बाकीच्या गिऱ्हाइकांना?

खिळेवाले : त्यांना सरकारी पद्धतीनं. बेरीज करायची, एकदा कर लावायचा, सुटलो. तुमचा भिंगाचा टक्का वेगळा. दुकानात पाटीच लावलीय तशी. सुरुवातीला आमची सात बिलं परत आली होती, ताई. सात! मी म्हटलं, गणित विसरलो का काय आपण? मग रबरवाल्यांनी शहाणं केलं. म्हणाले, तिथे असं असं करायचं, देवाला जसं आवडतं तसं. त्यांना दोरवाल्यांनी सांगितलं होतं. आता आम्ही नव्या लोकांना सांगतो.

सून : तुम्ही कधी बोलला नाहीत ते?

खिळेवाले : कुणाला, भिंगसाहेबांना? अहो, त्या माणसानं तेवीस वर्षांत कुणाच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. एवढ्या सरळ माणसाला चुकलात म्हणून कोण सांगणार? आणि चार-पाच पैसे जास्त लावून सरकारात भरायचे, आमच्या खिशाला तोशीस नाही. फक्त बिल परत आलं की पैसे महिनाभर लांबायचे, तेवढंच जड जायचं. तेही सुरुवातीला. का हो, नियम बदलला का? बदलू नका बाई. सुनेनं आत्ता कुठे पाठ केलाय.

सून : कळवते. ठेवू?

खिळेवाले : साहेबांना नमस्कार सांगा. शुक्रवारी येतोय म्हणावं, तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमाला.

सून : ...ठेवला.

सासरे : भिंग.

सून : प्रेमानं म्हणतात.

सासरे : नावाबद्दल तक्रार नाही. अठ्ठावन्न माणसांना मी बरोबरचं चूक करायला शिकवलं. शाळा काढली असती तर मान्यतासुद्धा मिळाली नसती.

सून : मी हिशेब केलाय. महिन्याला अठरा-वीस रुपये. तेवीस वर्षांत आपण सरकारला एक लोखंडी कपाट जास्त दिलं. तेही बिनआरशाचं. कुणी फासावर जात नाही.

सासरे : मोठ्या साहेबांना आकडा कधी द्यायचाय?

सून : चार वाजता. तुमचा आकडा म्हणून सातही शाखांना जाणार आहे. कारणासकट.

सासरे : आणि मोठ्या साहेबांचं शुक्रवारचं भाषण?

सून : लिहून झालंय. पितळी पाटी कोरायला गेलीय.

सासरे : मजकूर काय आहे?

सून : 'तेवीस वर्षांत एका पैशाची चूक नाही.'

सासरे : एका पैशाची!

सून : तसं बघितलं तर खोटं नाही. एका पैशाची नाहीच आहे. पाच-पाच पैशांची आहे.

सासरे : हसू नकोस.

सून : हसत नाही. बाबा, ऐका माझं. मी पन्नास पैसे टाकते. सगळ्यात मोठा फरक अडतीस पैशांचा आहे, सगळी बिलं आत बसतील. कारणाच्या रकान्यात लिहिते, 'किरकोळ फरक.' शुक्रवारी तुम्ही पाटी घेऊन घरी या. सोमवारपासून मी एकेकाला हळूच सांगते. कुणाला पत्ता लागणार नाही.

सासरे : तीन महिने लागतील सगळ्यांना बदलायला.

सून : लागू देत.

सासरे : म्हणजे तीन महिने पन्नास पैसे. मग?

सून : मग दोन पैसे.

सासरे : दोन कशाला? शून्य का नाही?

सून : कारण एखादा खाली धरतो, एखादा वर. दोघंही प्रामाणिक असतात. त्या दोघांत तेवढी जागा लागते.

सासरे : दोन पैसे ठीक आहेत. मला वाटलं होतं, जागा ठेवली की लबाड आत शिरतो. इथे तर कुणी लबाडच नव्हता. बिचारे बरोबर बिलं घेऊन दारात उभे होते आणि मी आत नव्हतो घेत.

सून : मग लिहू ना? किरकोळ फरक?

सासरे : फरक किरकोळ आहे. महिनाभर थांबलेले पैसे किरकोळ नाहीत. तू मघाशी ऐकलंस ना, जड जायचं म्हणाला. पाच पैशांपायी महिना. लिही, 'जुन्या पद्धतीमुळे'... नको. जुनी पद्धत म्हणजे कोण? उद्या दुसऱ्या शाखेतला कुणी तरी ती जुनी पद्धत मान्य करायला जाईल. सरळ लिही. 'तपासनिसाने वजनाचा नियम कराला लावला. व्यापाऱ्यांची चूक नाही.' आणि माझं नाव घाल खाली.

सून : नक्की? शुक्रवारी दीडशे माणसं असतील.

सासरे : म्हणून तर आज लिहायचं. शुक्रवारी सगळ्यांच्या देखत ते वाक्य वाचलं गेलं, तर मी टाळ्या कुठल्या तोंडानं घेऊ? पाटीवाल्याचा नंबर आहे?

सून : आहे.

सासरे : अजून अक्षरं कोरली नसतील, तर नुसतं 'तेवीस वर्षं' एवढंच ठेव म्हणावं. ते तरी कुठल्याही पद्धतीनं मोजा, तेवढंच भरतं.

सून : कोरली असतील तर?

सासरे : तर मागच्या बाजूनं कोरायला सांग. स्वयंपाकघरात तुझ्या सासूला काही तरी टेकवायला होईल.

सून : लिहिलं. वाचून दाखवू?

सासरे : नको. तुझ्यावर... म्हणजे तुमच्यावर माझा विश्वास आहे. नाही, वाच. सवय आहे.

सून : 'मर्यादा तीन महिने पन्नास पैसे, नंतर दोन पैसे. कारण : तपासनिसाने वजनाचा नियम कराला लावला. व्यापाऱ्यांची चूक नाही.' खाली नाव.

सासरे : पाठव.

सून : गेलं. चारला पाच कमी.

सासरे : गेलं?

सून : गेलं. कसं वाटतंय?

सासरे : दात काढल्यासारखं. जीभ सारखी तिथे जाते, पण ठणका नाही. तो चहा गार झाला का गं?

सून : दुसरा मागवते.

सासरे : मागव. आणि व्यापाऱ्यांची यादी इकडे दे. शुक्रवारपर्यंत अठ्ठावन्न फोन. दिवसाला वीस पडतात.

सून : मी निम्मे करते ना.

सासरे : चूक वाटून घेता येत नाही. घेता आली असती तरी तुझ्या वाट्याला एकोणतीस कशाला? फोन इकडे सरकव. आधी कागदवाल्या बाई.

सून : त्या का आधी?

सासरे : पंधरा वर्षं झाली. त्यांचं पहिलंच बिल होतं. नवरा गेल्यावर दुकान हातात आलेलं. मी परत केलं, तर टपालानं नाही, स्वतः घेऊन आल्या. इथे, याच खुर्चीत बसून त्यांनी मला बेरीज करून दाखवली. एकदाच कर लावून. दोनदा दाखवली. मी म्हटलं, बाई, शाळेत गणित कच्चं होतं का तुमचं? उठल्या. बिल घेऊन गेल्या आणि पुढच्या आठवड्यात माझ्यासारखं करून आणलं.

सून : मी बाहेर जाऊ का थोडा वेळ?

सासरे : बस. बस तू. ...हॅलो? नमस्कार. मी शिडी कारखान्यातून, बिल विभाग. हो, मीच. नाही नाही, परत नाही केलं काही. बाई, एक जुनी गोष्ट होती. तुमचं पहिलं बिल आठवतं का, तुम्ही स्वतः घेऊन आला होतात ते? ...हो. तेच. ते बरोबर होतं.