जांभळा रंग उडाला

२००४ सालची गोष्ट. वसमतहून कुरुंद्याला जाणाऱ्या बसमध्ये प्रेमा खिडकीशी बसली होती. मागच्या बाकावर एक बाप आणि नांदेडला एम. एस्सी. करणारी त्याची लेक बोलत होते.

“बा, रंग उडाला!”

“कशाचा?”

“प्रयोगाच्या जांभळ्या औषधाचा. आपल्या बांधावरच्या गुळवेलीचा अर्क टाकला, अन् पार पिवळं पडलं.”

“अरारा! बिघडलं की समदं. अन् तू हसून काहून राहिली?”

“बिघडलं न्हाई, बा. रंग उडावाच लागतो. जेवढा उडंल तेवढं वेलीत अँटिऑक्सिडंट जास्ती.”

“ते काय असतंय?”

“अंगाला आतून गंज चढू देत न्हाई ते.”

“म्हंजी जमलं?”

“बराबर जमलं.”



“प्रयोग फसला तर शिक्षण सोडून लगीन, असं ठरलं व्हतं आपलं.”

“व्हय. मंग आता?”

“आता काय! पाहुण्यायला सांगतो, पोरगी शिकून राहिली म्हनून. पुढं काय करायचं असतंय?”

“पुढं उंदरावर करून पाहायचं.”

“त्याच्यासाठी नांदेडला कशाला जातीस? आपल्या घरात हायत की ढीगभर!”

प्रेमानं हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

“बा, पांढरे उंदीर लागतेत.”

“मंग चुना लावून देतो की!”