तिसऱ्या खांबावरची चकती

नाही, तू बस, नार्सिसा. कुलगुरूच्या खोलीत उभ्यानं भांडायचं नसतं — आणि ती फाईल मिट आधी. बोलोन घे एक, हिरव्या केळ्याचं आहे, गरम आहे — नको? बरं. वर्गात पहिल्या बाकावर बसून माझ्या चुका काढायचीस, आता नगरपालिकेचं ओळखपत्र गळ्यात घालून काढतेस, एवढाच काय तो फरक. तर तुझं म्हणणं, उद्याचा पदवीदान समारंभ या खोलीखालच्या सभागृहात नको. का? तर तिसऱ्या खांबाला भेग आहे म्हणून. अगं इंजिनिअरबाई, भेग कुठे नाही? आपल्या मनाबी प्रांतात जमीन हललीच नाही असं एक वर्ष दाखव मला. भेगेवर जिप्समची चकती लावायची, तारीख घालायची, भेग वाढली की चकती तडकते — हे तुला कुणी शिकवलं? मीच ना? मग झालं तर. चकती शाबूत आहे. मार्चची तारीख आहे तिच्यावर, आठ महिने झाले.

काय? ओली आहे?

ओली कशी असेल — समुद्र जवळ, हवा दमट — नखानं उकरून बघितलीस? असले उद्योग तुला सांगितले कुणी — हो, तेही मीच सांगितलं होतं. बरं, ऐक. मीच लावतो. दर रविवारी चर्चमधून आलो की जुनी खरवडतो, नवी लावतो, तारीख तीच घालतो. आधी महिन्यातून एकदा केलं की पुरायचं.

हे सभागृह माझं पहिलं मोठं काम गं. बत्तिसाव्या वर्षी — याच्या जोरावर विभागप्रमुख झालो, डीन झालो, या खुर्चीत आलो. उद्घाटनाची तारीख ठरलेली आणि पुरात पूल वाहून गेला, नदीची वाळू येईना. किनाऱ्यावर वाळूच वाळू. गोड्या पाण्यानं धुऊन घ्या, असं बजावलं होतं मी. धुतली का? मला काय माहीत, मी बघायला गेलो नव्हतो — नाही, गेलो होतो. तिसऱ्या खांबाशी उभा राहिलो, चिमूटभर तोंडात टाकली. खारट लागली. चूळ भरली आणि कागदावर सही केली. मिठाला घाई नसते, आत सळईला खात बसतं. मला वाटलं, मी निवृत्त होईपर्यंत निभेल. पुढच्या महिन्यात होतोयच की निवृत्त.

तीन तासांचा तर प्रश्न आहे. नऊशे माणसं, हो, माहीत आहे मला, आज्या येतील, तान्ही मुलं येतील — पण बत्तीस वर्षं उभं राहिलेलं उद्याच पडेल का? मी स्वतः मंचावर असणार, मला भीती नाही वाटत. घरचं कुणी नाही, मी एकटाच. म्हणजे नात आहे, दोमेनिका, तिचीही पदवी उद्याच होती, पण तिला परवा कुएंकाला मावशीकडे पाठवली. रडत गेली बिचारी. म्हणाली, आजोबा, मी नवे कपडे शिवलेत —

अशी काय बघतेस?

ठीक आहे. जा तू. काय करायचं ते कर. आणि दार ओढू नकोस, जरा वर उचलून लाव. सोमवारपासून चौकटीला घासतंय ते.