रिकाम्या हॉलचा खेळ

ते पोस्टर? ठेव गं ते बाजूला. चष्मा, मफलर, दोन शर्ट, ते तुझ्या बापाचं, ते ने. पोस्टर कशाला? टुकार सिनेमा — म्हणे थरारपट! थरार कसला, मांजरसुद्धा दचकलं नसतं. एक बाई, तिचा नवरा आणि नवऱ्याचा दोस्त. अख्ख्या हॉलला दहा मिनिटांत कळतं, नवऱ्याला तेवढं कळत नाही. मग पिस्तूल, मग गाडी दरीत, मग पोलीस. तिसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला अकरा माणसं. मध्यंतरानंतर चार. मग तीही उठून गेली.

जपून का ठेवलं? मला काय माहीत! पेटीच्या तळाला घालायला कागद हवा असेल. तुझा बाप ऑपरेटर, मी दारावर. वर केबिनमध्ये दोन मशीन — एकाचं रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं, दर अठरा-वीस मिनिटांनी. माणूस तिथून हलायचा नाही. आणि मी? दिवे गेले, दार लावलं की मोकळा. हां, एक होतं — हॉल रिकामा झाला तर मी खालून घंटा द्यायची, म्हणजे तो मशीन बंद करणार. रिकाम्या खुर्च्यांना कोण सिनेमा दाखवतंय? तर त्या दिवशी घंटा गेली नाही. मी दारावर नव्हतो ना.

कुठे म्हणजे — चहाला गेलो होतो. मागे, आवारात. तुमच्या खोलीवर. तू शाळेत होतीस. तुझी आई चहा चांगला करायची — रोज नाही गं, रोज कुठे, दुपारचा खेळ असला की... दुपारचा खेळ रोजच असायचा म्हणा.

त्याने वरून पाहिलं — खाली चिटपाखरू नाही, आणि पडद्यावर तो नवरा पिस्तूल घेऊन जिना चढतोय. मशीन बंद केलं, खाली आला, कॅन्टीनवाल्याला विचारलं, 'आमचा दारवाला दिसला का? त्याला बरं नाहीये का?' हे मला कॅन्टीनवाल्याने नंतर सांगितलं. मला शोधत आला होता गं तो, काळजीने. ते फार लागतं मला, अजून लागतं. मग तुमच्या खोलीचं दार उघडलं, पाहिलं. मी म्हटलं, संपलो आता. आणि त्याने काय करावं? दार परत ओढून घेतलं — हळूच, कुणी झोपलेलं असावं तसं. सहाचा खेळ वेळेवर सुरू केला. सिनेमा जरा बरा असता, चार माणसं बसून राहिली असती, तर तुझं घर राहिलं असतं... छे, सिनेमाला कशाला नावं ठेवायची. पाप माझं.

त्याच आठवड्यात आई तुला घेऊन मामाकडे गेली. बापाने हाकललं, असंच सांगितलं ना तुला? तिलाही बोल लावू नकोस — सात वर्षांच्या पोरीला ती दुसरं काय सांगणार होती? तू त्याची पत्रं न फोडता परत पाठवायचीस. लग्नाला बोलावलं नाहीस. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून केबिनमध्ये बसला होता, तिन्ही खेळ. मी जिन्याशी गेलो, दोन पायऱ्या चढलो, उतरलो. तेवीस वर्षं तो वर, मी खाली — घंटेपलीकडे शब्द नाही.

एकदाच बोलला. दवाखान्यात, गेल्या महिन्यात. मी म्हटलं, 'पोरीला खरं काय ते सांगतो, माझं नाव घेऊन सांगतो.' तर म्हणाला, 'नको रे. बाप तर तिचा गेलाच. आता आई कशाला घालवतोस?' मी हातात हात घेऊन शब्द दिला त्याला. आणि आज बघ — नुसती पेटी द्यायला म्हणून बसलो, आणि... जिभेला हाड नाही माझ्या.

तशी बघू नकोस. पाणी देऊ? बरं, नको. अगं, फोन कशाला काढलास? कुणाला लावतेस? आईला नको — हे बघ, मला बोल, मला चार शिव्या घाल, ती म्हातारी झालीय — ठेव तो. पोरी, ठेव ना —