जावयाच्या ताटलीत हात

...नाही, चावण्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही, कुत्रं आहे, चावणार. पण शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय! म्हणजे ऐन वेळी डोळे मी गच्च मिटले होते, पण घडलं ते डोळ्यांदेखतच, आणि माझ्या या उजव्या हाताला घडलं. बरं, डाव्या. आत्तापासून माझे हात काय तपासताय, ऐका की.

टाकून दिलेली, भटकी कुत्री उचलून आणायची, शिकवायची आणि चांगल्या घरी द्यायची, अशी आमची संस्था. पुढच्या बाजूनं आलात तर गहिवरून जाल. गालिचा काय, सोफा काय, भिंतीवर हसऱ्या कुत्र्यांचे फोटो काय... आणि मी कुठं? मी मागं. मागं म्हणजे पिंजरे, फिनेल, पाण्याची नळी, तुंबलेली मोरी, आणि तो वास, जो अंगाला असा चिकटतो की आमची ही मला पायपुसण्याच्या अलीकडे येऊ देत नाही. पण प्रेमाला तोटा नाही हो आमच्याकडे! ट्रेनर मॅडमच घ्या. कुत्र्याशी बोलताना आवाज कसा, तर "कोण आहे माझं शहाणं बाळ, कुणी संपवली सगळी मंमं..." आणि तोच चेहरा माझ्याकडे वळला की, "काका, मोरी." संपलं. माझ्यावर क्रियापदसुद्धा खर्च करत नाहीत.

आता आमच्याकडची पद्धत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कुत्रा कुणाला द्यायचा तर आधी त्याची परीक्षा. त्याला ताटली भरून द्यायची, तो जेवायला लागला की काठीला बांधलेला एक प्लास्टिकचा हात, कापडाच्या दुकानातल्या पुतळ्याचा, गोरापान, नखं रंगवलेला, तो ताटलीत घालायचा आणि ताटली ओढायची. गप्प राहिला तर पास. चावला तर नापास, मग आणखी एक संधी. पुन्हा चावला की मागची खोली, आणि शनिवारी जनावरांचे डॉक्टर येतात सुई घेऊन. का? तर उद्या कुणाच्या लेकराचा हात चावला तर काय घ्या! बरोबर आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण तुमच्या ताटात कुणी मेलेल्या बाईचा हात घालून भाजी ढवळली, तर तुम्ही काय त्याच्या पाया पडाल? प्रेमाला तोटा नाही आमच्याकडे, फक्त जेवताना गुरगुरायचं नाही.

तर जावई. हे नाव मी ठेवलेलं. एक कान अर्धा, अंग खरजेनं खाल्लेलं, आणि ताटलीवर बसला की गुर्रर्र! ताटावर बसून गुरगुरणारा प्राणी म्हणजे जावईच की. मी स्वतः एका घरचा आहे, मला विचारा. सासूबाई मला वाढताना अजून पळी लांबूनच धरतात. तर या जावयानं पहिल्याच परीक्षेत तो प्लास्टिकचा हात असा पकडला, की काठीसकट मी पिंजऱ्यात! राहिली एकच संधी. मला काय, असे किती आले आणि किती गेले. पण हा लेकाचा, मी नळी घेऊन आलो की शेपटी हलवायचा. आता मला बघून कुणी काही हलवल्याला किती वर्षं झाली, सांगू का? नको.

मग मी डोकं चालवलं. तिथंच चुकतं माझं नेहमी. त्या दिवसापासून जावयाला माझ्या हातानं घास नाही. सगळं त्या प्लास्टिकच्या हातानं! उकडलेली कोंबडी त्या रंगवलेल्या बोटांत अडकवून भरवायची, पाठ त्याच हातानं खाजवायची, ताटली ओढायची त्याच हातानं आणि परत द्यायची तीही त्यानंच. अहो, काही आठवड्यांत जावई त्या हाताच्या प्रेमात पडला! हात दिसला की जमिनीवर लोळण, पोट वर, डोळे अर्धे मिटलेले. घरी मी कौतुकानं सांगायला गेलो, तर आमची ही भांडी घासता घासता म्हणाली, "मला भरवलंत का कधी असं? प्लास्टिकच्या हातानं तरी?"

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाटलं, उद्या बिचाऱ्याच्या जिवावरचं आहे, आजची रात्र राहू दे हात त्याच्यापाशी. ठेवला. सकाळी बघतो तर बोटं गायब! रागानं नाही हो, प्रेमानं खाल्ली. तळवा गेला, मनगट गेलं, अंगठा तेवढा उरला होता, तोही मलाच दाखवल्यासारखा वर. प्रेमाला तोटा नाही म्हणतो ते काय उगाच?

मॅडमना सांगितलं, हात उंदरांनी नेला. काचेपलीकडे सोफ्यावर एक दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या सौभाग्यवती येऊन बसलेल्या, त्यांना बंगल्यासाठी जरा करारी तोंडाचं कुत्रं हवं होतं, आणि जावयाचं तोंड त्यांच्या मनात भरलं होतं. नशीब बघा! त्या गालिच्यापर्यंत पोचायला एक ताटली तेवढी आडवी होती. मॅडम म्हणाल्या, "मग तुमचा घाला. पाहुणे थांबलेत."

आता तुम्हीच सांगा. ज्याला शिकवून ठेवलंय की जेवणात हात येतो तो थंडगार, टणक आणि रंगवलेल्या नखांचा, त्याच्या ताटलीत एकदम हा केसाळ, ऊन, फिनेलचा वास मारणारा पंजा... त्याला काय वाटलं असेल? चोर! त्यानं धरला. इथं, अंगठ्याच्या बुडाशी, आणि सोडेचना.

मी ओरडलो नाही. डोळे मिटले आणि हसलो. काचेपलीकडून काय दिसत असेल? एक कुत्रा, एक टकलू नोकर, हातात तोंड, आणि नोकर कसा प्रसन्न! मॅडमनी विचारलं, चावला का? म्हटलं, "नाही मॅडम, हस्तांदोलन करतोय." दातांचे डॉक्टर काचेला नाक लावून म्हणाले, दातांची ठेवण फार सुंदर आहे. असणारच, मला एकेक मोजता येत होता! त्यांच्या बाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला, म्हणाल्या, किती विश्वास आहे दोघांचा एकमेकांवर. रक्त बाहीत मुरत होतं आणि जावई पास झाला! मागच्या सीटवर बसून गेला हो, खिडकीतून मान बाहेर, अर्धा कान वाऱ्यावर, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही लेकाच्यानं. जावयांची जातच ती...

काय, डोळे पुसताय? बरं, मग सांगूनच टाकतो, थोडंसं पदरचं घातलंय. कुत्रा खरा, हात खरा, ही खूण बघा. दातांचे डॉक्टर खरे, त्यांची बाई खरी. मी ओरडलो नाही, तिथून पुढचं तेवढं पदरचं.

ओरडलो की! कोण नाही ओरडणार? कुत्र्याला शिकवत बसलो, मला कुणी शिकवलं होतं? अशी बोंब ठोकली की डॉक्टरीणबाई सोफ्यावर चढल्या, आणि जाताना दोघं एक पांढरं, गुबगुबीत, मुकं पिल्लू घेऊन गेले. वार शनिवारच होता. जनावरांचे डॉक्टर मागच्या दारानं आले, माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "काका, तुमची सुई माणसांच्या दवाखान्यात. लवकर निघा, तिथं रांग असते."

होती ना. दिवस मावळेपर्यंत उभा होतो. जावयाला काही रांग लागली नाही.