पुऱ्यांची परात

आमच्या अरविंदाची नजर किती तयार होती, हे कळायला सुधाताईच्या लग्नातला प्रसंग ऐकायलाच हवा. बँकेतली नोकरी सांभाळून त्याने कॅमेरा, भिंगे, फ्लॅश असा सरंजाम हौसेने जमवला होता. त्याच्यावर विसंबून आम्ही मुलुंडच्या कार्यालयात दुसरा छायाचित्रकार बोलावलाच नव्हता.

मंगलाष्टके सुरू झाली आणि फ्लॅश पेटेना. अरविंदाने झाकण उघडले, तर आत सेलच नव्हते.

"बाबांनी ट्रान्झिस्टरला घातले रे! आज क्रिकेटचा सामना ना!" अरविंद म्हणाला.

"वाट लागली! या अंधारात ताईचा फोटो कसा येणार?" मी म्हणालो.

खिडकीपाशी उन्हाचा एकच पट्टा पडला होता. त्याकडे पाहून अरविंद माझ्या मामांना म्हणाला, "मामा, पुऱ्यांची ती मोठी स्टीलची परात आणा. रिकामी करून!"

मामांनी परात उन्हात धरली. तिचा उजेड बोहल्यावर पडला.

"जरा डावीकडे, मामा! ताईच्या डोळ्यांत नको, गालावर!"

अंतरपाट दूर झाला आणि त्याने कळ दाबली.

छायाचित्र धुऊन आले, तेव्हा आम्ही सारे ते पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. ताईच्या चेहऱ्यावर इतका सौम्य, सोनेरी प्रकाश मी पुन्हा कोणत्याही छायाचित्रात पाहिलेला नाही.

अरविंदाचे वडील ओशाळून पुढे आले. "हे घे नवे सेल. आता तुझ्या फ्लॅशला हात लावणार नाही."

छायाचित्रावरची नजर न काढता अरविंद म्हणाला, "सेल तुमच्याकडेच ठेवा, बाबा. कार्यालयवाले ती परात विकतात का, तेवढं विचारून या."