मोहफूल कुठी खेळून राह्यली

नाई भाऊ, तो गुलाबी झाकणाचा लॅपटॉप ठेवून द्या — हलका आहे, पर्समध्ये मावते, सगळं खरं, पण मले त्याच्यावर अर्ज नाई भरायचे, गेम खेळायची आहे. मलेच, भावासाठी नाई. अन् बाबाकडे काऊन पाहून राह्यले? ग्राफिक कार्ड मले सांगा, त्यायले बसू द्या स्टुलावर. तो काळा दाखवा, जाडा, मागून हवा निघायच्या जाळ्यावाला — आमच्या चामोर्शीत मे महिन्यात कुलरसमोर ठेवला तरी लॅपटॉप तापते, तापला की गेम अडकते, अन् अडकली की आपण मेलो. सध्या निकेशचा वापरते, माह्या भावाचा, तो देईन तेव्हा. कॉलेजची पाच जणांची टीम आहे आमची, चार पोरं अन् मी, अन् फायनलले पोचलो भाऊ, ऑनलाइन, साऱ्या विदर्भातून. आजच होती — निकेश सकाळी म्हणे, पुढच्या रविवारवर ढकलली. अन् बाबा म्हणे, मंग चाल चंद्रपूरले, तुले नवाच घेऊन देतो. स्वतःहून. परवा हाच माणूस घनश्याम काकासमोर डोकं धरून बसला होता, पोरीचा आवाज माईकवर सारं गाव ऐकते म्हणून, अन् आज एसटीत मले खिडकी देते. मी रडली थोडी. बरं, जाऊ द्या.

हां, हाच. बटनं चांगली आहेत. गेम टाकली आहे ना याच्यात? माह्याच आयडीनं पाहते — मोहफूल, हसू नका, गेममधलं नाव आहे. थांबा. हे काय म्हणते — तुमचा सामना दुसऱ्या लॅपटॉपवर सुरू आहे. मी तर इथी तुमच्यासमोर उभी आहे. वर फायनल लिहिलं आहे, भाऊ. चार पोरं अन् पाचवी मोहफूल. पासवर्ड निकेशपाशी आहे, मीच दिला होता, सरावाले. अन् त्या चौघायले माईकवर त्याचा आवाज ओळखता नाई आला का? आला. गप्प राह्यले.

बाबा. इकडे पाहा, फरशीकडे नाई. आजच कशी आठवण आली लॅपटॉपची? चहासुद्धा पिऊ दिला नाई सकाळी, बस सुटते म्हणून. तुमाले माहीत होतं.

भाऊ, तुमी मधात नका पडू, घरचं घरी वगैरे नका सांगू, घरीच तर झालं हे. इथी विचारते पाहा — तिकडचं बंद करून इथून खेळायचं का. दाबलं. निकेश बाहेर. तो माईकवाला हेडफोन द्या इकडे. बाबा, फोन वाजून राह्यला तुमचा, त्याचाच असन, बाहेर जाऊन बोला. उचला नाईतर नका उचलू, मले आता विचारू नका.

हॅलो. आचल बोलून राह्यली. हो, मीच. गप्प राहा, अन् माह्या मागं या.