चाळीस लाख वर्षांचा रुग्ण

ही वारल्यावर हिचे स्कॅन आणायचे राहिले होते, म्हणून स्कॅन केंद्रात गेलो. शेजारी एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी बसली होती. तिच्या मांडीवर डब्यात दगड झालेला जबडा होता.

"फॉर्मवर रुग्णाचं वय काय लिहिलंस?"

"चाळीस लाख वर्षं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ज्येष्ठांची रांग वेगळी आहे."

"बरं. स्कॅन काय सांगतो? आढेवेढे नकोत."

"सर, दाढा मुळात सपाट नाहीत, झिजल्यात. आतली पोकळी बुजत आलीय. हा बिळं खणणारा नेहमीचाच बॅजर आहे, फक्त म्हातारा."

"म्हणजे वेगळी जात नाही."

"नाही."

"आणि मी तीस वर्षं सांगत फिरलो, बॅजरांचा मूळपुरुष सापडला म्हणून."

"सर, आपण हे छापायलाच हवं का?"

"उद्या दुसरा कुणी छापेल. त्यापेक्षा तू छाप."

"पण त्या जातीला तुम्ही काकूंचं नाव दिलंय."

"ती असती तर म्हणाली असती, म्हातारं जनावरच मिळालं होय माझ्या नावाला?"

"नाव रद्द होईल, सर."

"रद्द होईल, पुसलं जाणार नाही. यादीत खऱ्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं, कायमचं. तू नीट लिही म्हणजे झालं."

"लिहिते."

तेवढ्यात काउंटरवरून मला हाक आली.

"काका, हे पाकीट फाटलंय. नव्यावर तुमचं नाव घालू?"

"घाला. खाली तिचंही लिहा. बारीक अक्षरात चालेल."